घरी विचारून सांगतो



आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक फोन आला. आमच्याच मंडळीतला मुलगा, प्रथम कम्युनियनची तयारी आमच्याच हाताखाली केलेला, आता पुण्यात एम.एस्सी. करतो. म्हणाला, "काका, माझ्या फ्लॅटमधला एक जण नाताळला एकटाच राहणार आहे. टांझानियाचा आहे, आपल्याच चर्चचा. लालबर्र्याला घेऊन येऊ का? आमच्याकडे ताईचं बाळंतपण आहे, दोन खोल्यांत जागाच नाही. तुमच्याकडे चार दिवस झोपायची सोय होईल का?"

आम्ही म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

आता प्रभूसमोर खरे सांगायचे तर आम्ही घरी विचारलेच नाही. तीन दिवस विचारले नाही. गल्लीतले लोक काय म्हणतील, कोटवार येऊन चौकशी करेल का, पोलिसांत काही कळवावे लागते की काय, तो काय खाईल, घरात शाळकरी मुलगी आहे, हे सगळे मनात फिरत राहिले. त्याच आठवड्यात रविवारच्या वर्गात मुलांकडून आम्ही बेथलेहेमचा प्रसंग पाठ करून घेत होतो. गव्हाणीचा देखावा करायला पेंढा कुणाच्या बांधीतून आणायचा याची वाटणीही झाली होती. योसेफ आणि मरिया दारोदार फिरतात आणि धर्मशाळेत जागा नसते, हे सांगताना आमचा आवाज नेहमीसारखाच भरून आला. खिशातला फोन मात्र गप्प होता, कारण उत्तर आमच्याकडून जायचे होते.

चौथ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा बोलला तेव्हा त्याने त्याच्या फ्लॅटची सगळी हकिकत सांगितली. ती तुम्हांला सांगावीशी वाटते.

पुण्यात पहिल्या वर्षी तो बालाघाट-गोंदियाकडच्या मुलांबरोबर राहत होता. तेच बोलणे, तोच भात, सगळे ओळखीचे. रविवारी इंग्रजी मिस्साला जायचा तेव्हा शेवटच्या बाकावर हा उंच मुलगा एकटा बसलेला दिसायचा. मिस्सा संपली की लोक अंगणात उभे राहून चहा घेत, एकमेकांच्या नातेवाइकांची चौकशी करीत, आणि हा मुलगा फाटकाबाहेर निघून जाई. असे किती रविवार गेले कोण जाणे. एकदा आमच्या मुलाने नुसते विचारले, "जेवलास का?" आपल्याकडे हा प्रश्न आपण कुणालाही विचारतो, त्यात विशेष ते काय! पण तो मुलगा थांबला. पुण्यात आल्यापासून अभ्यासाचे आणि पैशांचे सोडून दुसरे काही त्याला कुणी विचारले नव्हते.

पुढे दोघांनी मिळून घर शोधायचे ठरवले. त्यात नेपाळचा एक वर्गमित्र आला आणि त्याच्या ओळखीने येमेनचा एक जण. मग सुरू झाली घरमालकांची यात्रा. कुणाला मांसाहार नको, कुणाला आफ्रिकेचा माणूस नको, कुणाला मुसलमान नको. एका दलालाने आमच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "तुला उद्या चावी देतो. हे बाकीचे सोड." आमचा मुलगा म्हणाला, "मग राहू द्या." ज्याच्या बापाने धान विकून फी भरली आहे, त्याने समोर आलेली चावी नाकारली. त्यांचा तो फ्लॅट खऱ्या अर्थाने तिथे उभा राहिला असे आम्हांला वाटते. भिंती नंतर मिळाल्या.

आता कुणी समजू नये की तिथे रोज स्वर्गातले संगीत वाजते. खरकट्या भांड्यांवरून भांडणे होतात. नेपाळच्या मुलाने सुकी मासळी तळली की बाकीचे खिडक्या उघडतात. गॅस सिलेंडर कुणाच्या पाळीत संपला यावरून एकदा दोन दिवस अबोला होता. खर्चाची वही आहे आणि त्या वहीत खाडाखोडही बरीच आहे. पण येमेनचा मुलगा पहाटेच्या नमाजाला उठतो, आणि रविवारी तोच या दोघांना हलवून उठवतो, "चर्चला जायचं ना?" रमजानात बाकीचे तिघे संध्याकाळचा स्वयंपाक करून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत थांबतात. त्याच्या देशात कितीतरी वर्षे युद्ध चालले आहे. घरी जाण्याची सोय नाही. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादेत एका विद्यापीठाच्या वसतिगृहात रमजानचा नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला, काही जण जखमी होऊन दवाखान्यात गेले, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. ती बातमी तिकडे त्याच्या आईपर्यंतही पोहोचली. तेव्हा आमच्या मुलाने फोन हातात घेऊन तिला दाखवले की दाराला आतून दोन कड्या आहेत आणि घरात चौघे आहेत. भाषा एकमेकांना कळत नव्हती.

आपल्या देशात असे विद्यार्थी किती आहेत? उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये सुमारे ४८ हजार, त्यांत सर्वांत जास्त नेपाळचे. उलट आपली मुले बाहेर किती जातात! एकट्या जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जवळपास ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. म्हणजे जगभरातून इथे येणाऱ्या सगळ्या मुलांएवढी मुले आपण एका देशात पाठवतो. मिस्साच्या वेळी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण परदेशी शिकणाऱ्या आपल्या लेकरांसाठी विनंती करतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे आलेल्या दुसऱ्यांच्या लेकरांसाठी कुणी विनंती केलेली आमच्या तरी ऐकण्यात नाही. तिकडे कुणा अनोळखी घराने आपल्या मुलीला ताटावर बसवावे ही आपली अपेक्षा असते. आपल्या ताटाचे काय?

हे सगळे ऐकून फोन ठेवल्यावर आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकिकत आठवली. कॉलेजात असताना वाचली होती, तेव्हा ती इतिहास वाटली होती.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. वय बावीस. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की ते आधी हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, पण तिथले जेवण मानवले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला निघाले तेव्हा याच मित्राने पैशांची मदत केली. एका महार मुलाला आणि एका पारशी मुलाला मुंबईत एका छताखाली राहता आले असते का? सातासमुद्रापलीकडच्या वसतिगृहात ते सहज झाले.

आणि मग १९१७. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. बाबासाहेबांना तेव्हा बडोद्यात दोन मित्र आठवले. एक हिंदू. तो म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा आपला, ख्रिस्ती. तो म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावे लागेल.

हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांना नंतर कळले की हे जोडपे मूळचे ब्राह्मण, धर्मांतराने नवरा उदार झाला होता, पत्नीचे सोवळे मात्र सुटले नव्हते. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत बसून काढले. कोलंबियाची पदवी घेतलेला माणूस, डोळ्यांतून पाणी वाहते आहे, आणि त्या शहरात एक ख्रिस्ती घर आहे ज्याचे दार आतून बंद आहे.

आमच्या उत्तरात आणि त्या उत्तरात काय फरक होता? काहीच नाही. शब्दसुद्धा तेच. आणखी एक गोष्ट मनाला टोचली. त्या हकिकतीत दोष पत्नीच्या माथी जातो, पण त्या संध्याकाळी तिला कुणी विचारलेच नव्हते, ती गावात नव्हती. कदाचित तिने नकारच दिला असता. आपल्या मंडळीतही कितीतरी नकार बायकांच्या नावावर खपवले जातात. त्यांना विचारलेले नसते.

त्या रात्री आम्ही घरी विचारले. चुलीपुढून उत्तर आले, "त्यात विचारायचं काय? गादी माळ्यावर आहे, ऊन दाखवावं लागेल." मग जरा थांबून, "तीन दिवस झाले म्हणता? तो पोरगा काय समजला असेल!"

आपल्या लोकांना परके माहीत नाहीत असे नाही. उलट, मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली आपली एक आख्खी पिढी आहे. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसून जेवली, एका विहिरीवर अंघोळ केली, आणि म्हणून आज आपण आहोत. पुढे मात्र बोर्डिंगचे दिवस संपले आणि आपणही इतरांसारखे झालो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली. ती जातीजातींची होती, मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे, मुसलमानांचे वेगळे. त्या काळात दुसरा मार्गही नव्हता, आणि त्या वसतिगृहांनी हजारो घरांत पहिला शिकलेला माणूस दिला. पण शंभर वर्षांनंतरही आपण आपापलेच वसतिगृह शोधावे का? जून महिना आला की आमच्याकडे पालक विचारत येतात, "पुण्याला, नागपूरला एखादं ख्रिश्चन होस्टेल आहे का? संगत चांगली पाहिजे." आईबापांची काळजी आम्हांला समजते. नव्या शहरात पहिले सहा महिने आपल्या माणसांचा आधार लागतो, हे आम्ही नाकारत नाही. घरच्या भाषेत रडता आले पाहिजे. पण सगळी वर्षे त्याच गोटात काढून जो परत येतो तो शहरात राहिला, शहरात गेला नाही. आणि संगतीचे म्हणाल, तर आमच्या मुलाला मिस्साला उठवणारा येमेनचा मुसलमान ही वाईट संगत म्हणावी का?

न्यूयॉर्कचीच आणखी एक गोष्ट सांगतो. १९०९ साली वायएमसीएचे एक कार्यकर्ते, हॅरी एडमंड्स, कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरत होते. समोरून एक चिनी विद्यार्थी आला, त्याला त्यांनी सहज नमस्कार केला आणि पुढे गेले. तो मुलगा थांबला आणि म्हणाला की न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिले. एडमंड्सनी घरी जाऊन पत्नीला हे सांगितले. (इथे पाहा, पत्नीला सांगितले!) दोघांनी रविवारी संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्या जेवणांतून पुढे १९२४ मध्ये रॉकफेलरांच्या देणगीने न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले, निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहायचे घर. कॅलिफोर्नियात बर्कलेला तसेच घर बांधायचे ठरले तेव्हा निरनिराळ्या वर्णांची मुले एकत्र राहणार म्हणून तिथल्या आठशेहून अधिक लोकांनी सभा भरवून विरोध केला. घरमालक तिथेही होतेच. तरी ते घर १९३० मध्ये उघडले.

आम्हांला या गोष्टीतला रॉकफेलर महत्त्वाचा वाटत नाही. आपल्या पॅरिशला कुणी रॉकफेलर भेटणार नाही. रविवारचे जेवण महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे युवा शिबिरे होतात, फलक लागतात, टोप्या वाटल्या जातात, आणि त्या सगळ्याचा खर्च ऐकला की आम्हांला वाटते, यात किती रविवारची जेवणे झाली असती. शिबिर नको असे नाही. पण शिबिराला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा येत नाही.

इथे काही मंडळी म्हणतील, परदेशी माणूस घरात म्हणजे कायद्याची भानगड, त्यात आपण अल्पसंख्य, आणि मध्य प्रदेशात धर्मांतराच्या कायद्याचे दिवस. ही भीती खोटी नाही, आम्हांलाही होती. म्हणून चौकशी केली. परदेशी माणूस मुक्कामाला आला तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून कळवायचे असते, आणि तो ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्ता. आमच्या मुलाने अर्ध्या तासात फोनवर भरून दिला, वेळ गेला तो आमच्या गल्लीतल्या नेटवर्कमुळे. आणि तो पाहुणा होता, प्रचारक नव्हता. विद्यार्थी म्हणून आलेल्याला वेदीसमोर उभे करून साक्ष द्यायला लावण्याचा काही जणांचा आग्रह होता, तो आम्ही मोडून काढला. माणूस जेवायला येतो तेव्हा त्याला जेवू द्यावे.

तसेच दुसऱ्या बाजूने. पाहुण्याला आपल्यात ओढण्यासाठी पाहुणचार, हे आपल्या काही बांधवांच्या मनातून जात नाही. आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्या. गोपाळरावांनी मदतीसाठी पत्र लिहिले तेव्हा मिशनरी वाइल्डरसाहेबांनी ते छापले आणि सोबत ख्रिस्त स्वीकारण्याचा सल्ला दिला. ते पत्र वाचून न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी मात्र काही अट न घालता आपले घर देऊ केले. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या, हिंदू म्हणून राहिल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ चा तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल, नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि तिसऱ्या दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तीन देशांच्या तीन मुली, घरापासून हजारो मैलांवर. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पोकिप्सीला त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कार्पेंटर कुटुंबाने तिला धर्म बदलायला न लावता आपल्या घरची केले होते. इम्माऊसच्या वाटेवर त्या दोघा शिष्यांनी अनोळखी वाटसरूला मुक्कामाचा आग्रह केला तेव्हा तो कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कोण नाही म्हणेल?

तर तो आला. गोंदियापर्यंत महाराष्ट्र एक्स्प्रेस, पुढे बालाघाट, पुढे बस. बसमधून उतरला तेव्हा नाक्यावरची पोरे मागे लागली, आम्ही रागावणार तोच तो त्यांच्याशी क्रिकेटवर बोलू लागला, म्हणजे आमचा मुलगा बोलला आणि तो हसला. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा. थंडीने कुडकुडला, म्हणून दोन गोधड्या. पहिल्या दिवशी चिन्नोर तांदळाचा भात वाढला तर त्याने वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडेही भात आहे, चहा आहे आणि चपातीसुद्धा आहे. चहाला 'चाय' म्हणतात आणि चपातीला 'चपाती'च. मग रविवारच्या वर्गातल्या मुलांनी त्याला घेरले आणि खेळ सुरू झाला. साबणाला काय? साबूनी. पैशाला? पेसा. गाडीला? गारी. औषधाला? दावा. रंगाला? रांगी. पुस्तकाला? किताबू. मुले किंचाळत होती. आमची मुलगी, जिच्या नावाने आम्ही काळजी करीत होतो, तिने वही काढून सगळे लिहून घेतले. नंतर म्हणाली, "बाबा, हे तर आपलंच आहे." अरबांच्या आणि गुजरात-कच्छच्या गलबतांबरोबर कितीतरी शब्द हिंदी महासागर ओलांडून गेले, हे आम्ही तिला सांगितले.

मध्यरात्रीच्या मिस्साला तो आमच्याबरोबर बसला, पुढच्या बाकावर. शेजारी जी आजी बसते तिने शांतीची खूण देताना दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून डबे आले. ज्यांनी गल्लीत कुजबुज केली होती, त्यांतल्या एका घरातूनही अनारसे आले. त्यांना आम्ही काही बोललो नाही. बोलायचा अधिकार आम्हांला नव्हता.

आता पॅरिश समितीसमोर आम्ही एकच गोष्ट मांडली आहे. पॅरिशमध्ये ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत त्यांची नावे आणि ज्यांना सणासुदीला एक पाहुणा ठेवता येईल त्यांची नावे, अशी एक वही ठेवावी. नागपूर, जबलपूर, पुणे येथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना ती वही कुणाकडे आहे ते माहीत असावे. पहिल्या बैठकीत चार नावे आली. एका वडीलधाऱ्या सदस्याने सांगितले, "घरी विचारून सांगतो." आम्ही हसलो नाही. फक्त म्हणालो, "आज विचारा."

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. येमेनच्या मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत धानाचा मुलूख बघायचा आहे, दोघेही येतील म्हणतात. त्याला हलाल मांस लागते. आमच्या घरून निरोप गेला आहे की बालाघाटला दुकान आहे, आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि त्याला तिखट चालते का ते विचारून ठेव.